लंगड्या मेंढीच्या नावाखाली

तीर्थरूप ऊना आत्या हिला एफीचा वाकून नमस्कार. (तुझ्या पायाशी झोपणाऱ्या कुत्र्याला उभ्यानेच. मागच्या वेळी वाकले होते, तेव्हा तो चावला.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल गुडघ्याला लावतेस की अजून दाराच्या बिजागऱ्यांनाच घालतेस? आईची तब्येत उत्तम आहे. माझीही बाहेरून उत्तम आहे.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी तुला कळवलं होतं की आमच्या बँडच्या वहीतली ‘लंगडी मेंढी फाटकात अडकली’ ही चाल माझ्या टॉर्क्विलला सहा वर्षांपूर्वी सुचली, ती त्याच्या घरची लंगडी मेंढी फाटकात अडकली तेव्हा. हे मला टॉर्क्विलनेच सांगितलं होतं आणि मी शहानिशा न करता तुला लिहून टाकलं, त्याबद्दल क्षमा कर. आता चौकशी पूर्ण झाली आहे. मेंढी लंगडी नव्हती. फाटकात अडकली नव्हती. त्या वर्षी त्यांच्या घरी मेंढीच नव्हती. (त्याच्या आईला तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या निमित्तांनी विचारलं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, “एफी, तुला मेंढी हवी आहे का? लग्नात देऊ का आम्ही?”)

ही चौकशी कशासाठी, ते सांगते. येत्या शनिवारी माझं लग्न. आपल्या खोऱ्याची रीत तुला ठाऊकच आहे. बॅगपाइप वाजवणारा नवरा असेल तर त्याने लग्न ठरताच नवरीसाठी नवी चाल बांधायची, ती तिच्या नावाने बँडच्या वहीत शाईने लिहायची आणि लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात स्वतः वाजवायची. टॉर्क्विलची चाल तयार आहे. नाव ‘एफी मॅकरे दारात येते’. त्याने ती मला धक्क्यावर, बोटीचा दोर बांधून झाल्यावर वाजवून दाखवली आणि मी चक्क रडले. घरी येऊन स्कोन-पावाचं पीठ मळायला घेतलं आणि चालीचे बोल तोंडाने म्हणू लागले. (बाबांनी मला अक्षरओळखीच्या आधी चाली शिकवल्या त्या अशाच, तोंडाने, पीठ मळता मळता. त्यामुळे माझी वाचताना चूक होईल, ऐकताना नाही.) पीठ सैल होतं, हात भरभर चालले, तसे बोलही भरभर आले आणि दुसऱ्या ओळीतून ती मेंढी बाहेर आली! तीच चाल, आत्या. फक्त संथ केलेली. तिला माझ्यासाठी हळू चालायला शिकवलं होतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी डुगल्ड आजोबांकडे गेले. बँडची वही त्यांच्याकडे असते, बिस्किटांच्या डब्यात. मेंढीचं पान खिडकीशी धरलं तर नावाची जागा पातळ! चाकूने शाई खरवडून वर नवं नाव लिहिलेलं. खाली उरलंय ते एक मोठं एम, किंवा चिरडलेली माशी. मग मी सगळी वहीच उजेडात धरली. ‘पाद्र्याची घोडी पुलावर बसली’, पातळ. ‘हेरिंग माशांच्या पिंपावरचं झाकण’, पातळ. ‘काकूने लापशी करपवली’, इतकं पातळ की पलीकडे आजोबांचं नाक दिसत होतं.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“लग्नं,” आजोबा म्हणाले. “न झालेली. अगं पोरी, लग्न मोडलं म्हणून चाल मोडायची का? इतकी मेहनत केलेली असते. पोरीचं नाव खरवडायचं आणि दुसरं ठेवायचं. पण असं ठेवायचं, की कुणी बाई पुढे येऊन हक्क सांगणार नाही. भर सभेत उठून कोण म्हणेल, ‘ती लंगडी मेंढी म्हणजे मी’?”

म्हणजे आपल्या चालींच्या विचित्र नावांमागे मी आजवर ज्या गोष्टी खऱ्या मानल्या, त्या सगळ्या नवरदेवांनी रचलेल्या! मी खोऱ्यातल्या एम अक्षराच्या बायकांची यादी केली. अकरा भरल्या. त्यात पाद्रीबाई आहेत, वय एकाहत्तर, पण यादीत सूट कुणालाच दिलेली नाही. सगळ्यांना लग्नाचं आमंत्रण द्यायच्या मिषाने भेटून आले आणि प्रत्येकीसमोर मेंढी गुणगुणले. दोघी लाजल्या. एकीने ताल धरला. पाद्रीबाईंनी दार लावून घेतलं. टॉर्क्विलला नुसतं विचारलं, “ही चाल तुला कुठे सुचली रे?” तर तो लालबुंद झाला. पण पाइप वाजवून थांबलेला माणूस लालबुंदच असतो, त्यामुळे तो पुरावा धरता येत नाही. “समुद्रावर,” म्हणाला. समुद्र साक्षीला येणार नाही, हे त्याला माहीत आहे.

शेवटी आईपाशी मन मोकळं केलं. आई मटार सोलत होती. ती म्हणाली, “तुझ्या बाबांनी माझ्यासाठी बांधली ना, ती चाल माझ्याआधी एका गाईच्या नावाने होती.”

“आणि तुला चाललं?”

“गाय चांगली होती. गाईच्या आधी कोण होतं, ते मी विचारलं नाही. एकतीस वर्षं संसार केला.” आणि पुन्हा मटार.

मला तसं जमणार नाही, आत्या. मला विचारावंच लागतं. दुसऱ्या कुणाच्या नावाची चाल वाजत असताना मी दारात येऊ शकत नाही. तसं आले तर ती दारात येणारी मी आहे की एम, हेच मला कळणार नाही. म्हणून त्याला थेट विचारायचं ठरवलं आहे.

तुझी चिंतातुर भाची,
एफी

ता. क. हे पत्र आईला दाखवू नकोस. ती हसेल.

दुसरा ता. क. एक अगदी लहानसं काम होतं. तुझ्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर इनिस नावाचे गुरांचे डॉक्टर राहतात. चार वर्षांपूर्वी ते इथे होते, आपली तपकिरी गाय त्यांनीच वाचवली. त्यांच्याकडे माझ्या हातचा एक कागद आहे. त्यावर एक चाल आहे, ‘डॉक्टर इनिस यांचं येणं’, आणि खाली एक ओळ आहे, ती वाचू नकोस. डॉक्टरांना काहीच कळलं नव्हतं. ते म्हणाले होते, “गाईला आवडेल.” तो कागद गोड बोलून मागून घे आणि परतीच्या टपालाने पाठव. कारण लग्नात टॉर्क्विलला भेट म्हणून मीही एक चाल बांधली आहे, ‘टॉर्क्विल दोर फेकतो’. बांधली म्हणजे, तीच भरभर केली आहे.

तिसरा ता. क. तो कागद मिळताच चुलीत घालावा असं पहिल्यांदा वाटलं होतं, हे कबूल करते. आता तसं करणार नाही. तो टॉर्क्विलच्या हातात देईन, खालच्या ओळीसकट, आणि मग मेंढीबद्दल विचारीन. त्याने खरं नाव सांगितलं तर दोन्ही चाली आहेत तशा वाजतील आणि शनिवारी मी दारात येईन. पुन्हा फाटकाचीच गोष्ट सांगितली, तर डुगल्ड आजोबांचा शाई खरवडायचा चाकू मी मागून ठेवला आहे. हे सगळं बुधवारी, सतरा सप्टेंबरला, तुझं टपाल घेऊन दुपारची दोनची बोट धक्क्याला लागताच.