दोनदा आणि मग एकदा

प्रिय क्रेग,

आज शुक्रवार, दुपारचे दोन वाजलेत. अंधार पडायच्या आत हे पत्र तुझ्या दाराच्या फटीतून आत टाकायचं ठरवलंय. फोन चार वेळा केला, तू उचलला नाहीस. एका परीने बरंच झालं. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, आणि आज मला शेवटपर्यंत बोलायचंय. अक्षर वाकडंतिकडं आलं तर टेबलाला बोल लाव, त्याचा एक पाय डुगडुगतोय.

तुझा निळा स्वेटर माझ्याकडेच राहिलाय. बाहीचं भोक रफू केलंय, दिसणार नाही. मागच्या रविवारी जेवायला आलास आणि दोनदा बटाटे वाढून घेतलेस, तेव्हा फार बरं वाटलं होतं. तुझी बायको सोडून गेल्यापासून तू घरी नुसत्या चिप्सवर जगतोस, हे मला न सांगताही कळतं. मग चहाला दूध आणायला म्हणून उठलास आणि फ्रिजपाशी केवढा वेळ उभा राहिलास! मी बसल्या जागेवरून ओरडले, "अरे, दूध काढायला गेलायस की गाय शोधायला?" तू हसलास. पाठमोराच हसलास. ते हसणं बुधवारपासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आमची संस्था म्हणजे तुला म्हाताऱ्यांचा उद्योग वाटतो. "तुम्ही पाच विश्वस्त चहा पिता, बिस्किटं खाता आणि जग वाचवलं म्हणून इतिवृत्तात लिहिता," असं तू म्हणाला होतास. अगदीच खोटं नाही ते. फिलिपा मुख्याध्यापिका होती, ती अजूनही आम्हाला हात वर करून बोलायला लावते. आमचे पाद्री दर सभेत झोपतात आणि ठराव आला की बरोब्बर जागे होऊन "मंजूर" म्हणतात. हबतोम अकरा वर्षांपूर्वी एरिट्रियातून एका पिशवीनिशी आला, तेव्हा त्याला आम्हीच खोली शोधून दिली होती; आता त्याची बेकरी आहे आणि तो आमच्यातला सगळ्यात कडक विश्वस्त. सिरिल तर तुझाच, तुझ्या शाळेच्या बसचा सिरिल. एक्याऐंशी वर्षांचा झालाय. आणि पाचवी मी. पगार कुणालाच नाही, कौतुक त्याहून नाही.

टॅनरी रस्त्यावरचं चौदा नंबरचं घर चर्चच्या राखणदाराचं. पाच वर्षं रिकामं पडलेलं, भिंतींना ओल. आम्ही पाच जणांनी ते खरवडलं, रंगवलं, पडदे शिवले, आणि ऑगस्टमध्ये तिथे सुदानहून आलेलं कुटुंब आलं. इख्लास, तिचा नवरा मुतासिम आणि दोन मुली. नगरपालिकेच्या घरांच्या यादीशी त्या घराचा काडीचा संबंध नाही, हे मी तुला दहादा सांगितलं आणि दहाही वेळा तू तोंड फिरवलंस. "सहा वर्षं यादीत आहे मी, आई. मासळीचा कारखाना बंद झाला तेव्हा माझ्यासाठी कुणी पडदे शिवले होते?" तेव्हा मी तुला गप्प बसवलं. चुकले. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि उत्तर नाही एवढं तरी मी कबूल करायला हवं होतं. त्या वर्षी तू रोज सकाळी कुठे जायचं नसताना आंघोळ करून बसायचास, हे मी पाहत होते आणि सभेला निघून जात होते. तुझं शाळेच्या दिवसांतलं टेबल मी त्यांना दिलं, त्यावरूनही तू चिडलास. ते तुला विचारून द्यायला हवं होतं.

कुटुंब यायच्या आधी आम्ही एक नियम केला होता. त्यांचा पत्ता कुठेही लिहायचा नाही. इतिवृत्तात नाही, पाकिटावर नाही. नियम मीच मांडला, आणि तो पाळला असता तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण तुला आमची खोड माहीत आहे. काहीही झालं की आम्ही पाळ्यांचा तक्ता करतो. नव्या घरी पहिले काही आठवडे रोज एकाने गरम जेवण न्यायचं, त्याचाही तक्ता होता. सिरिलला नंबर लक्षात राहीना. एके दिवशी त्याने शेजारच्या बाईचं दार वाजवलं, तिच्या हातात फिश पायचा गरम ट्रे ठेवला आणि मोठ्या आवाजात, सावकाश म्हणाला, "आमच्या देशात तुमचं स्वागत आहे." ती म्हणाली, "अरे मेल्या, माझा जन्म याच रस्त्यावरचा. पण आणलाच आहेस तर ठेव." आम्ही आठवडाभर हसलो. आणि हसता हसता मीच नव्या तक्त्यावर, सगळ्यात वर, जाड अक्षरात पत्ता लिहिला. पाच प्रती काढल्या. माझी फ्रिजवर लावली.

इख्लास जेवणाचं भांडं कधी रिकामं परत पाठवत नाही. वांगी आणि दाण्याचं कूट घालून ती काहीतरी करते. माझ्याकडे आलास तेव्हा तूही पावाला लावून खाल्लंस आणि विचारलंस, कुठून आणलं. मी नुसतं "बाजारातून" म्हटलं. खरं सांगितलं असतं तर तू ताट सरकवलं असतंस अशी मला भीती वाटली. तुझी भीती वाटायची ती पहिलीच वेळ होती, क्रेग.

त्यांची मोठी मुलगी रवान आठ वर्षांची आहे. दार वाजलं की ती सोफ्यामागे जाऊन बसायची. इख्लासने कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मला असं मूल माहीत होतं. तू सहा वर्षांचा होतास. बंदरावरचा माणूस तुझ्या बाबांची होडी परतली नाही हे सांगायला आला आणि त्याने मुठीने दार बडवलं. त्यानंतर वर्षभर, दूधवाल्याने जरी दार वाजवलं तरी तू जिन्याखालच्या कपाटात. म्हणून आपण आपली खूण ठरवली. दोनदा आणि मग एकदा. तशी थाप पडली म्हणजे आई आहे, बाहेर यायचं. रवानला मी तीच शिकवली. आता आम्ही सगळे विश्वस्त तशीच थाप देतो आणि ती धावत येऊन दार उघडते. ती खूण तुझी-माझी होती. तीही मी तुला न विचारता देऊन टाकली.

या आठवड्यात काय झालं ते आता ऐक. सोमवारी चौदा नंबरच्या समोर एक गाडी उभी होती, आत दोन माणसं, तासभर. मुतासिमने हात हलवून नमस्कार केला, त्यांनी केला नाही. मंगळवारी सकाळी दारावर पांढऱ्या रंगाची फुली होती. इख्लासला वाटलं, नगरपालिकेने काहीतरी दुरुस्तीसाठी खूण केली असेल. तिने मला फोन करून विचारलं की ती पुसली तर चालेल ना. मी ब्रश घेऊन गेले आणि आम्ही दोघींनी मिळून दार घासलं. रंग निघाला, पण दारावर त्याची सावली राहिली. ती फुली कसली आहे हे तिला तोपर्यंत कळलं होतं. ती घासतच राहिली.

बुधवारी फिलिपाने तातडीची सभा बोलावली. हबतोमने फोन टेबलावर ठेवला. त्याच्या बेकरीत येणाऱ्या कुणीतरी त्याला एक फोटो दाखवला होता, गावभर फिरत होता तो. आमचा जेवणाचा तक्ता. वरचा पत्ता लाल रेघेने वेढलेला, आणि खाली लिहिलेलं, "शनिवारी. मॅच सुटली की." पाद्री त्या दिवशी झोपले नाहीत. हबतोम शांतपणे म्हणाला, "मी हे एकदा पाहिलंय. आधी खूण करतात, मग दिवस ठरवतात." सिरिल उभा राहिला. "माझ्याच खिशातून पडला असणार कागद. हल्ली मला काही आठवत नाही." त्याने तिथल्या तिथे राजीनामा दिला, चौदा नंबरची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघाला. टोपी खुर्चीवरच राहिली.

आणि मी गप्प बसले. कारण फोटोच्या कोपऱ्यात मला एक नारिंगी चोच दिसली होती, टोक तुटलेली. तो चिनी मातीचा पक्षी आठवतो ना? चौथीच्या सहलीहून माझ्यासाठी आणलेला, पाठीला लोहचुंबक. बसमध्ये तो तुझ्या हातून पडला, चोच तुटली, तू रडायला लागलास. आणि सिरिलने बस बाजूला घेऊन बाकांखाली रांगत तुकडा शोधला होता. सापडला नाही. चोवीस वर्षं तो माझ्या फ्रिजवर आहे. तो तक्ता लावल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात तुझ्याशिवाय कुणी आलेलं नाही. हे ठाऊक असून मी एका म्हाताऱ्याला मान खाली घालून घरी जाऊ दिलं. तुला वाचवायला मी ते केलं, आणि त्याची मला लाज वाटते.

काल सकाळी सिरिलकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्याने किटली परत शेगडीवर ठेवली. मग त्याने विचारलं, "म्हणजे मी विसरलो नव्हतो?" एवढंच. त्या एका रात्रीत त्याने स्वतःला पार मोडीत काढलं होतं. तुझ्याबद्दल एक वाईट शब्द बोलला नाही. नुसतं म्हणाला, "क्रेग? तो खिडकीजवळ बसणारा?" मग आम्ही दोघं फिलिपाकडे गेलो, तिथून पोलिसांकडे. तिथल्या मुलीने विचारलं, तुमच्या स्वयंपाकघरात कोण कोण येतं. मी तुझं नाव दिलं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितेय. त्यांनी सांगितलं की उद्या एक गाडी फेरी मारेल, पण बंदोबस्त मैदानावर लागेल, माणसं कमी आहेत.

इख्लास, मुतासिम आणि मुलींना काल दुपारीच हलवलं. कुठे, ते तुला सांगणार नाही. आजवर तुला सांगता येणार नाही असं माझ्याकडे काही नव्हतं. निघताना रवानने विचारलं, "नव्या घरी पण तशीच थाप द्याल ना?" मी हो म्हटलं. आणि मग तुझ्यासाठी आणि तिच्यासाठी गाडीत बसून रडले.

घर मात्र रिकामं ठेवायचं नाही असं ठरलं. पोलीस नको म्हणाले, आम्ही ऐकलं नाही. फिलिपा म्हणाली, "विश्वस्त आहोत ना आपण? मग घरात आपणच बसायचं." अंधारं घर दिसलं की कुणी पेटती बाटलीही फेकेल, आणि शेजारी ती बाई एकटी असते. ते कुटुंब परत आलं तर घर जागेवर हवं. आम्ही काय केलं असेल सांग? पाळ्यांचा तक्ता केला. या वेळी पत्ता लिहिला नाही. गुरुवारी रात्री फिलिपा आणि पाद्री, आज सकाळी हबतोम, आज रात्री सिरिल, त्याने हट्टाने मागून घेतलंय. शनिवारची दुपार कुणीच आधी मागेना. मग मी हात वर केला.

हे पत्र मी चौदा नंबरच्या पुढच्या खोलीतून लिहितेय. आज दुपारची पाळीही माझीच आहे. डुगडुगणारं टेबल तुझंच, खालच्या बाजूला तू कोरलेलं नाव अजून आहे, बोट फिरवलं की लागतं. समोर तीच गाडी आताच येऊन थांबलीय. आत तू आहेस की नाही, पडद्यामागून दिसत नाही. उद्या मी इथेच असेन, एकटी, दिवा लावून, रस्त्याकडे तोंड करून. तुझ्या मित्रांना हे सांग. घरात सुदानची माणसं नाहीत, क्रेगची आई आहे, असं सांग. सांगणं जमलं नाही तर मॅच सुटायच्या आधी तू एकटा ये. दोनदा आणि मग एकदा वाजव, मी चहा टाकेन, आणि मग आपण दोघं मिळून जे काय होईल त्याला तोंड देऊ. आणि थाप दुसरी कुठली पडली, मुठीची किंवा लाथेची, तरी दार मीच उघडणार आहे, कारण त्या गर्दीत तू आहेस की नाहीस हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.

तू कसाही आलास तरी तुझीच,
आई