वरण काऊन करपलं?

प्रिय बाबा,

परवा इंटरचा इतिहासाचा पेपर आहे आणि घरात वाद घालायला कोणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. वाद अर्धा टाकून उठायची तुमची सवयच नव्हती. मग गेल्या वर्षी या जगातूनच कसे उठून गेलात?

सराव परीक्षेत प्रश्न होता, सत्तावनचा उठाव का फसला? सरांनी सात कारणं लिहून दिली आहेत, सगळा वर्ग तीच घोकतो. मी एक मुख्य धरलं आणि बाकीची त्याच्यामागे उभी केली. सरांनी लाल रेघ मारून लिहिलं, "मत विचारलेले नाही." नापास केलं.

काका म्हणाले, "परवाबी नापास झाली त वर्ध्याले कालेजात जानं बंद. देवळीचं स्थळ थांबून हाय." आईनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. ते मला फार लागलं.

हा मुख्य कारण शोधायचा नाद मला लावला कोणी? वरण करपलं त्या दिवशी तुम्ही विचारलंत, "काऊन करपलं, सांग." मी ओली लाकडं, पातळ बुडाचा गंज, आईचं लक्ष, सगळं मोजून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "ही त यादी झाली. यातलं काय नसतं त वरण वाचलं असतं? ते पयल्या वाक्यात सांग, मंग पुरावा दे." आई म्हणाली, "माह्या वरणाचा निबंध नका करू." केवढे हसलात तुम्ही!

पण बाबा, एक राग आहे. शाळेत मास्तर म्हणून तुम्हीसुद्धा पोरांकडून कारणं घोकूनच घ्यायचात. का विचारलं, तर म्हणालात, "शाळा तपासनीले डिप्टीसाहेब येते, बाई." म्हणजे घरी एक इतिहास आणि शाळेत दुसरा? तुम्ही भ्यायचात. तोंडावर म्हणता आलं नाही, आज म्हणते.

काल सरांनी समजावलं, "सात कारणं लिही, पास होशील." माणूस वाईट नाही, माझी काळजीच करत होते. मी म्हटलं, "सर, सातही येतात मला. पण मुख्य कोणतं, ते मी सांगणारच."

तो प्रश्न आला, तर माझं पहिलं वाक्य ठरलं आहे. शिपाई, राजे आणि शेतकरी एकाच शत्रूशी लढले, पण जिंकून प्रत्येकाला वेगळंच हवं होतं, म्हणून उठाव फसला. मग पुरावे, मग दुसरी बाजू, मग तिला उत्तर.

वचन देते, बाबा. नापास झाले तर देवळीच्या पाहुण्यांना मीच नाही म्हणेन, काकांसमोर. पुढच्या वर्षी पुन्हा बसेन, आणि पहिलं वाक्य हेच लिहीन.

तुमची भांडखोर,
कुसुम