मानेवरचा मळ

अण्णा,

तुमच्या नातीची मान मी वजरीनं घासली. टाचा घासायची ती वजरी. मानेच्या मागं काळा पट्टा दिसून राह्यला होता, मला वाटलं मळ आहे. बारा वर्षांच्या घोडीला धड आंघोळ करता येत नाही म्हणून तिला वाट्टेल ते बोलले, बेसन लावलं, दूध लावलं आणि शेवटी वजरी घेतली. कातडी लाल झाली, काळं होतं तिथंच राहिलं. ती रडली नाही. नुसती म्हणाली, "आई, मी रोज घासते गं." ते वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही.

मंग नवीन जालन्याला, स्टेशनजवळच्या लहान मुलांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं मान पाहिली, वजन केलं, रक्त तपासलं आणि म्हणाला, हा मळ नाही, बाई. शरीर साखर नीट वापरत नाही, त्याची ही खूण आहे. आत्ता सांभाळलं नाही तर पुढं मधुमेह होऊ शकतो. खाणंपिणं, खेळणं, घराण्यात कुणाला साखर आहे का, सगळं विचारलं. पहिल्या दोन-तीन वर्षांतली औषधंही विचारली. त्या वयात वरचेवर अँटिबायोटिक दिली की पोटातले कामाचे जंतूही मरतात, काही लेकरांचं वजन आणि साखर त्यानं बिघडत असावी, असा आता संशय घेतात म्हणे. एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, हेही तो सांगून राह्यला होता. पण मी ऐकायला थांबते कशाला? त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत माझ्या तोंडून गेलं, "माझे वडील कंपाउंडर होते. तेच देत होते." पोरगी शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होती.

तेव्हापासून अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या ह्याच क्वार्टरातले ते दिवस डोळ्यांपुढून हलत नाहीत. आई गेल्यावर तुम्ही जाफराबाद सोडून आमच्याकडं आलात. हे कारखान्यात पाळीवर, मी शाळेत शिकवायला, लेकरू तुमच्यापाशी. उसाचं गाळप सुरू झालं की अंगणात काजळी पडते आणि पोरीचं नाक वाहायला लागतं. तुम्ही पाणी उकळून पितळी गडूत निववता, अँटिबायोटिकच्या पावडरच्या बाटलीत खुणेपर्यंत ओतता, गुलाबी फेस येईस्तोवर हलवता. मग कागदाची पट्टी कातरून तिला डोसांचे दाते पाडता आणि भाताच्या शितानं बाटलीला चिकटवता, जाफराबादच्या दवाखान्यात चिकटवायचात तशी. मी हसते, म्हणते, आता झाकणावरच माप छापलेलं असतं, अण्णा. तुम्ही म्हणता, "असू दे. माझा हात पट्टीचा हाय." पोरगी मात्र गुबगुबीत झालेली. शेजारणी म्हणायच्या, काय बाळसं धरलंय, दृष्ट काढत जा. मी तीट लावून तिला मिरवायची.

एक दिवस सांगायचा राहिला. तोच लिहायचा नव्हता, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं लिहून राह्यले. शाळेत साहेबांची तपासणी होती. पोरगी दीड वर्षाची, अंगात थोडी कणकण, नाक गळतंय. मी म्हणाले, औषध द्या, जल्दी द्या, माझी बस जाईल. तुम्ही जागचे हलला नाहीत.

"सर्दी हाय ती. चार दिसांत जाईल आपसूक. मागची बाटली आत्ता तं सरली. लेकराचं पोट बिघडून राह्यलं. तीस वर्सं डाक्टरापाशी काढली, काई तं कळतं मला. न्हाई द्यायची."

मी दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "गावभर औषधं वाटली, अन् माझ्याच लेकराला देताना हात आखडतो का? आईलाही असंच उद्या बघू, परवा बघू करत घालवलं तुम्ही."

तुम्ही उठलात, स्टो पेटवलात, पाणी ठेवलंत. त्यानंतर मी मागायच्या आत बाटली हलवून तयार असायची. आईबद्दल बोलले ते खोटं होतं, मला तेव्हाच माहीत होतं. माफी मागेन मागेन म्हणता तुम्ही गेलात.

मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडायला काय लागतं? ते काही उलटून बोलत नाही. दवाखान्यातून स्टँडवर येताना ऑटोत पोरीनं तुमच्याबद्दल विचारलं, "आबांनी केलं का हे?" मी बाहेर बघत म्हणाले, "त्यांना तरी काय माहीत होतं." अण्णा, तुम्हालाच तेवढं माहीत होतं. रोज तुमच्या फोटोला जास्वंद वाहायची ही पोरगी. त्या दिवसापासून फोटोकडं बघतसुद्धा नाही. फूल झाडावरच सुकतं, आणि मी तेही तिच्या जागी वाहत नाही, कारण कोणत्या तोंडानं वाहू?

डॉक्टरनं तिला रोज चालायला सांगितलंय. मी बरोबर जाते. वाटेत खरं काय ते सांगायचं असं ठरवून निघते आणि कारखान्याच्या गेटापर्यंत शाळेच्या गप्पा करून परत येते. आत्ताही ती बूट घालून दारात उभी आहे. मघाशी विचारलं तिनं, "एवढं कुणाला लिहून राह्यलीस गं?"

मी कागदावर हात ठेवला आणि म्हणाले, शाळेचं काम आहे.