ठिपका पुलाकडे चाललाय

६ मार्च

हातात बेडी पडली! मेहुण्याने घड्याळ आणलंय. काटे नाहीत, चावी नाही, नुसती काळी काच. "दाजी, तुमच्या साखरेसाठी. चालायला लागा आता." हा स्वतः ड्रायव्हिंग स्कूल काढून बसलेला माणूस, कोपऱ्यावर ब्रेड आणायलाही गाडी काढतो, आणि मला चालायला सांगतो! लोका सांगे ब्रह्मज्ञान.

बहिणीसाठी काही आणता येत नाही म्हणून माझ्यासाठी आणलं, हे कळतं मला. हिच्यासाठी आता आणणार काय? डॉक्टरांनी परवाच सांगितलं — कॅन्सर हाडांत पोचलाय, औषध बदलून उपयोग नाही. "जे दिवस आहेत ते आरामात घालवू." घालवू म्हणे. सुट्टीला आल्यासारखं.

घड्याळ मागच्या खोलीत टाकलं, कवळ्यांच्या साच्यांजवळ.

७ मार्च

काम झालं नाही. माझं काम दुसऱ्यांचे दात बनवायचं. दवाखान्यांतून साचे येतात आणि मी मागच्या खोलीत मेण, प्लास्टर, घासकाम करत बसतो. फळीवर जबडे मांडून ठेवलेले, सगळे दात विचकून माझ्याकडे बघतात. आज एकच वरची कवळी तीनदा घासली तरी बसेना.

एक ठरवलंय. हिला सोडून कुठे जायचं नाही. आई गेली तेव्हा मी औषध आणायला गेलो होतो. परत आलो तर तोंडावर चादर. हिच्या वेळी तसं होणार नाही. मी इथेच असेन, हात धरून. वाचवणं आपल्या हातात नाही, निदान एवढं तरी असावं.

९ मार्च

हिने घड्याळ शोधून काढलं, म्हणजे सिस्टरला शोधायला लावलं. सिस्टर सकाळी येते, संध्याकाळी जाते. बोलते कमी, पण कपाळावर आठी नसते. हे घर सध्या तिच्यावर चाललंय.

ही शाळेत भूगोल शिकवायची. मुलं पाठीमागे 'नकाशाबाई' म्हणायची, आणि ते कानावर आलं की ही खूश! घड्याळाबरोबरचं ॲप फोनवर उघडलं, त्यात नकाशा निघाला, आणि बाई उशीला टेकून बसल्याच. कितीतरी दिवसांनी बसली. नकाशावर बोटाने रस्ता आखायचा, तो माझ्या घड्याळात येतो. मी चालू लागलो की तिच्या फोनवर निळा ठिपका चालतो. तो ठिपका म्हणजे मी.

"अहो, जाऊन या ना. पाण्याच्या टाकीपर्यंतच."

"तुला सोडून?"

"सोडून कुठे? मी बघतेय की."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. गेलो. डावीकडे वळायचं तर मनगटाला एक धक्का, उजवीकडे तर दोन. चुकलो की थरथरतं आणि काचेवर येतं, 'मार्ग सोडला'. सरळ रस्त्यावरही दोनदा चुकलो. परत आलो तर ही म्हणाली, "औषधाच्या दुकानाशी उगाच वळलात." संसारात इतकी वर्षं जे सांगायची तेच आता घड्याळातून.

११ मार्च

चोरी पकडली गेली. टाकीमागच्या बाकावर बसून राहिलो होतो. ठिपक्याने चुगली केली!

१६ मार्च

आता रोजचं झालंय. सकाळी सिस्टर हिला पुसून घेते तेवढ्यात माझी फेरी. आल्यावर तोंडी परीक्षा. आज शाळेवरून पाठवलं होतं.

"फाटकाला कुठला रंग दिलाय?"

बघितलं नव्हतं. "हिरवा," ठोकून दिलं.

"हिरवा तर आधीपासून होता. उद्या परत जा."

हिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, तीही एकच, बिनखिडक्यांची. मी काय बघून येतो तेवढंच हिचं बाहेर. हे आज रस्त्यात ध्यानात आलं. एक बाई, जिने शेकडो मुलांना समुद्र, वाळवंटं, डोंगर फिरवून आणले, तिला फाटकाचा रंग माझ्यासारख्या धांदरटाला विचारावा लागतो. काय अर्थ आहे याला? काही नाही.

(निळा दिलाय. मला आवडला नाही.)

२२ मार्च

वाईट दिवस. कण्हणं ऐकवत नाही. मागच्या खोलीत जाऊन मशीन चालू केलं, उगाच, काही न घासता.

२५ मार्च

आजचा रस्ता काही कळेना. गल्लीत शिर, परत ये, मैदानाला अर्धा वळसा, पुन्हा तीच गल्ली. मनगटाला नुसत्या गुदगुल्या. पोस्टापुढून तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिथला पहारेकरी बघायला लागला. चिडूनच घरी आलो. हिने फोन पुढे केला. माझ्या चालण्याची रेघ नकाशावर उमटली होती — चोच, पोट, शेपूट. बदक!

ही हसली. हसता हसता खोकला लागला, सिस्टर धावली, मी पाठ धरली. पाठ कुठली, नुसते मणके. तरी हसतच होती. मीही हसलो. मग मागच्या खोलीत जाऊन रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो.

मेहुणा संध्याकाळी आला. बदक बघून म्हणाला, "ताई, चोच जरा आखूड झाली." मग बाहेर जाऊन गाडीत बराच वेळ बसून राहिला. तो खोलीत फार थांबत नाही. दारातूनच गमती करतो.

२ एप्रिल

आवाज बसलाय. कुजबुजते, तेही दोन शब्द. बोटही थरथरतं आता. आजचा मार्ग धोब्याच्या दुकानामागून थेट नदीत गेला होता. घड्याळाला काय! ते म्हणतंय सरळ चला. मी काठावर उभा. पुढे पाणी. बाजूने निघालो की थरथर — मार्ग सोडला, मार्ग सोडला. अरे, माहीत आहे मला!

घरी येऊन सांगितलं, छान होता रस्ता.

"बुडालात का?" म्हणाली.

हिच्यापुढे माझं खोटं कधी टिकलंय?

७ एप्रिल

डॉक्टर येऊन गेले. जिन्यात मला थांबवलं, म्हणाले, आता आठवड्याचंही सांगता येत नाही. मी मान हलवली. त्यांच्या खालच्या दाताचा कोपरा तुटलाय, तेवढंच दिसत होतं मला. माणूस असल्या वेळी काय बघेल याचा नेम नाही.

घड्याळ काढून ठेवलं. फेऱ्या बंद. खुर्ची खाटेला चिकटवून बसलो. आता उठायचं नाही.

८ एप्रिल

बसलोय. ही घड्याळाकडे बोट दाखवते. मी नाही म्हणतो. दिवसभर हेच.

९ एप्रिल

भांडण झालं. जिला बोलताना धाप लागते तिच्याशी मी भांडलो.

तुकड्या-तुकड्याने बोलली, मध्ये थांबत. "तुम्ही समोर असलात ना... की मला जाता येत नाही." मी म्हटलं, कुठे जायचंय तुला? मूर्खासारखा प्रश्न. म्हणाली, "डोळे मिटते. सुटल्यासारखं होतं. मग तुमचं तोंड दिसतं. घाबरलेलं. मग परत यावं लागतं." थोड्या वेळाने, "ठिपका चालत असला की मोकळं वाटतं. तो आपला चाललाय, त्याचं त्याचं."

मी काय बोललो ते लिहिणार होतो, लिहीत नाही. एवढं मात्र म्हणालो की मी तुझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही. तू बरी हो असंही मागितलं नाही. फक्त जाताना मी असावं. तेही नको?

"नको," म्हणाली. सरळ. वर्गात चुकीच्या उत्तराला म्हणत असेल तशी.

राग आला. अजून आहे. ती जाणार, मी राहणार, आणि मला तिच्या हाताऐवजी रस्ता मिळणार. असं कुठे असतं?

११ एप्रिल

सकाळी खाटेवर ठेवलेलं घड्याळ थरथरलं. मार्ग आला होता. टाकी, शाळा, नदीकाठ, मग पूल, पुलापलीकडे बराच लांब, जिथे मी कधी गेलो नाही. एकदाही रेघ नदीत गेली नव्हती. सिस्टर म्हणाली, "काल दुपारभर करत होत्या. चुकलं की पुसायच्या. मला हात लावू दिला नाही."

मी बूट घातले. खाली उतरलो. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि पाय उचलेना. तिथे एक बाई शटर उघडत होती, तिने विचारलं, बरं वाटत नाही का? परत फिरलो. घड्याळ थरथरत राहिलं, जिना चढेपर्यंत.

हिने तोंड भिंतीकडे केलं होतं. सिस्टर हळूच म्हणाली, "त्यांनी बघितलं तुम्ही फिरलात ते."

१५ एप्रिल

चार घोट पाणी, तेही चमच्याने. माझ्याकडे बघत नाही. बघितलं तर अशी, की मीच वाट अडवून बसलोय. खरंच अडवलीय का मी? वेदना तिची, आणि माझ्या हट्टापायी ती एकेक दिवस ओढतेय? आणि गेलो तर पुढे आयुष्यभर स्वतःला काय सांगू — फिरायला गेलो होतो? इकडे आड तिकडे विहीर. देवही सुचत नाही, शिव्याही सुचत नाहीत.

१७ एप्रिल

मेहुणा आला. त्याला मागच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. जबड्यांच्या फळीसमोर उभा राहिला, पोट धरून, आणि गदगदून रडला. मग नाक पुसलं. "मला बघवत नाही, दाजी. तुम्हाला जाववत नाही." आणि मनगट पुढे केलं. "द्या ते घड्याळ. मी चालतो."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा म्हटलं, अरे, ही तुझी बहीण आहे. तू नसशील. म्हणाला, "मी तसाही गाडीतच बसून राहणार होतो."

पट्टा शेवटच्या भोकात कसाबसा बसला.

असं ठरलंय. हिच्या उशामागे भिंतीला कपाट आहे. कपाट आणि खाट यांच्यात एक स्टूल मावतं. हिला मान वळवता येत नाही. उद्या मी निरोप घ्यायचा, दाराचा आवाज करायचा, घड्याळ घेऊन मेहुण्याने निघायचं आणि मी मागे येऊन बसायचं. श्वाससुद्धा जपून. हिने बघावं ठिपक्याकडे. सिस्टरला सांगितलं. ती खाली बघत म्हणाली, "मी काही बोलणार नाही." अळीमिळी गुपचिळी.

लबाडी आहे ही. मरणाऱ्या माणसाशी लबाडी. बाकावर बसलो ती चोरी होती, हे त्याच्या कितीतरी पलीकडचं आहे. पण तिला तिचं मिळेल, मला माझं. दुसरा रस्ता मला दिसत नाही.

हिला सांगितलं, उद्या जातो. पूर्ण मार्ग. पुलापलीकडेही.

कितीतरी दिवसांनी माझ्याकडे नीट बघितलं. हातावर थोपटलं. "पाणी घेऊन जा बरोबर," म्हणाली.

१९ एप्रिल

काल सकाळी "येतो" म्हणालो, दार ओढलं, आणि अनवाणी मागे येऊन स्टुलावर बसलो. मेहुणा बहुतेक पळतच सुटला होता. टाकी गेली, शाळा गेली. सिस्टरने फोन तिच्यासमोर धरलेला, मला तिच्या केसांवरून दिसत होता. ही बराच वेळ बघत राहिली. मग पुटपुटली, "यांना कधी एवढं भराभर चालता येतं?" मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ठिपका पुलावर होता आणि हिने हात मागे टाकला होता, उशीवरून, माझ्या बाजूला, तळवा वर करून. मी धरला. तिने शेवटपर्यंत सोडवून घेतला नाही.