जिभेवरचं बोट

अप्पा, तुम्हाला लिहायचं मी टाळतच आलो. तुम्ही गेलात तेव्हा तिरुप्पूरला शर्टांना बटणं लावत होतो, मग गोव्यात भांडी घासली, तिथल्या खानावळीत एक पोपट होता, तो... राहू दे. आज राग आलाय, म्हणून लिहितो.

अक्काला मुलगी झाली. कुंभकोणम्‌च्या दवाखान्यात सकाळी सिस्टरने मला हात धुवायला लावले आणि पोर मांडीवर दिलं. माझं बोट गालाला लागलं तर तिने तोंड तिकडे वळवलं, बोट धरलं आणि चोखायलाच लागली. काय जोर! अक्का हसली, "अगो बाई, मामाचं बोट ते, दूध नव्हे!" सिस्टर तमिळमध्ये म्हणाली, "तिला काय कळतंय? ओठाला लागेल ते ओढेल, दुपट्याचं टोकसुद्धा. जन्मतःच येतं ते. पण पोटात फक्त आईचं दूध, दुसरं काही नको."

ओठाला लागेल ते, अप्पा! आणि तुम्ही? मी जन्मलो तेव्हा इथल्या रीतीने साखरपाण्याचं बोट माझ्या जिभेला लावलं ते आईच्या भावाने. ज्याचं बोट त्याचे गुण पोरात उतरतात म्हणे, आणि मामा पडला भटक्या. मग मी शाळा बुडवली, मामाचं बोट. काम सोडलं, मामाचं बोट. पाहुण्यांसमोर म्हणायचात, "ह्याला सांगून काय उपयोग? जिभेवरच बिघडलाय." अस्के हसायचे, सगळेच. मीही. एकदा तरी विचारलंत, शाळेत काय अडतंय? फळ्यावरचं दिसत नव्हतं मला! चष्मा लागलाय हे तिरुप्पूरच्या मुकादमाला कळलं, तुम्हाला नाही.

तुम्ही वाचणार नाही, म्हणूनच सांगतो. ती चोखत होती आणि मी बोट झटकन ओढून घेतलं. माझं काही तिच्यात जाऊ नये म्हणून. केवढी रडली! तुमचं बोलणं माझ्यात इतकं मुरलंय, ह्याचा राग सगळ्यात जास्त.

थांबतो. साक्कोट्टैहून आत्या आलीय, तुमची बहीण. गुडघे धरलेत, येणार नाही म्हणाली होती, आणि बसने एकटी आली. हातात मधाची बाटली. दवाखान्याच्या जिन्यातूनच ओरडतेय, "डेय, पोरीच्या जिभेला अजून कोणी काही लावलं नाही ना?" अक्का झोपलीय. दारात मलाच आडवं उभं राहायला हवं.