काच फोडणारा चाकू

१४ नोव्हेंबर १९८८, सोमवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाले, मनात येतं ते लिहून काढा, बरं वाटेल. मला काही झालेलं नाही. झालंय ते चाकूंना.

मुद्दा सरळ आहे. २३ ऑगस्टला खानापूरकडचा पंचनामा आटोपून परत येताना आमची भाड्याची अँबॅसिडर पुरात गेली. ओढ्यावरच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं, नागोराव ड्रायव्हर म्हणाला निघते, ती निघाली नाही. नागोराव वाचला, मी वाचलो. मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसलेला आमचा सर्व्हेअर चंपतराव गेला. माझ्या खिशात तेव्हा चाकू होता. चांगला, हैदराबादहून आणलेला. पण त्याला काच फोडायची सोय नव्हती. असती तर चंपतराव आज ऑफिसात असता. म्हणजे दोष चाकू बनवणाऱ्यांचा. प्रत्येक चाकूच्या मुठीला काच फोडायचं टोक असलंच पाहिजे. हे मी सरकारला पटवून देणार.

चंपतरावच्या बायकोचा, देवकाबाईंचा, भैंसा गावाहून तिसरा निरोप आला. एकदा येऊन जा, एक गोष्ट इचारायची हाय. जाणार. चाकू तयार झाला की लगेच. रिकाम्या हातानं काय जायचं.

१७ नोव्हेंबर
मुंबईच्या एका चाकू कंपनीला पत्र लिहिलं. तीन पानं, इंग्रजीत. माझ्या बायकोनं, मीनाक्षीनं, वाचलं. म्हणाली, चाकू चारदा आला अन् चंपतराव अकरादा. बायकांना टेक्निकल लिखाण कळत नाही. फेअर कॉपी करताना सुधारीन.

२१ नोव्हेंबर. दुपारी ३
ऑफिसात माझ्या टेबलावर काच आहे. खाली कॅलेंडर, सुट्ट्यांची यादी, एक लग्नपत्रिका. आज सही करताना काचेखाली तळहात दिसला. आतून टेकवलेला. बोटांची टोकं दाबून पांढरी झालेली.
काच उचलली. सुट्ट्यांची यादी होती.
अटेंडरला काच स्टोअरमध्ये टाकायला सांगितली. कारण, डोळ्यांवर चमकते. आता नुसत्या लाकडावर सही करतो, तर पेन कागदातून आरपार जातं. हरकत नाही.

२५ नोव्हेंबर
आयटीआयमधल्या नरसिंगरावांशी चर्चा. लोखंडातला जाणता माणूस. त्यांचे आक्षेप तीन. एक, काच फोडायला गाडीत छोटी हातोडी ठेवली की झालं, चाकूला कशाला ती शेपूट. दोन, मुठीनं काच ठोकताना पातं आपल्याच अंगाकडे येतं. तीन, अशा वेळी माणूस इतका घाबरतो की खिशात काय आहे तेच त्याला आठवत नाही.
पहिल्या दोन्हींवर मी त्यांना निरुत्तर केलं. तिसऱ्यावर म्हटलं, आठवतं. चांगलं आठवतं.
मी चहा मागवला.

२८ नोव्हेंबर
कंपनीचं उत्तर नाही. फेअर कॉपी अजून माझ्याकडेच आहे, हेही एक कारण.
रेकॉर्डसाठी एक नोंद. भाड्याच्या गाडीला काच वरखाली करायचं हँडल एकच असतं. चारी दारांना तेच. पाऊस आला की एका दाराचं काढायचं, दुसऱ्याला लावायचं, हातोहात फिरवायचं. ही आपल्या जिल्ह्याची पद्धतच आहे, त्यात कुणी काही वावगं मानत नाही. त्या दिवशी पाऊस होता, सगळ्या काचा वर होत्या. नागोरावची तेवढी खाली, त्याला बाहेर डोकावायला लागतं. हँडल शेवटी कुणाकडे होतं हा प्रश्न इथे गैरलागू आहे. प्रश्न चाकूचा आहे.

४ डिसेंबर
निर्मल गावी वामन लोहाराकडे गेलो. ड्रॉइंग दाखवलं. त्याला कळलं. टोकासाठी मी घरून एक धातूचा तुकडा नेला होता, तो दिला. त्यानं उलटसुलट केला. म्हणाला, साहेब, हे लोखंड नोहे, भट्टीत घातलं तं याचं पाणी होईन. अन् हे तं मोटारीच्या काचेचं हँडल दिसून राह्यलं, कुठचं हाय?
भंगारातलं, म्हटलं. परत खिशात टाकलं.
टोक तो स्वतःच्या लोखंडाचं करणार. पंधरा दिवस म्हणाला.

१ जानेवारी १९८९, रविवार
संकल्प.
चाकू दहा तारखेच्या आत. देवकाबाई संक्रांतीच्या आत, म्हणजे आधी चाकू, मग लगोलग त्या. पहाटे फिरायला जाणे. टकटक ऐकू आली तर लक्ष न देणे.

त्याच दिवशी, सकाळी १०
टकटक. बैठकीतल्या शोकेसच्या काचेवर, आतून. मुलगी चारुलता शाळेच्या सहलीला, मीनाक्षी बाजारात. घरात मी एकटा. मला भीती वाटली, हे लिहून ठेवतो.
शोकेसच्या काचा काढून पलंगाखाली आडव्या ठेवल्या. मीनाक्षी आल्यावर म्हणाली, बाहुल्यांवर धूळ बसन. म्हटलं, बसू दे, त्यांना श्वास तरी घेता येईल. तिनं पिशवी तशीच खाली ठेवली. तुमी देवकाबाईकडं काऊन जात नाही, म्हणाली. काम आहे, म्हटलं.
फिरायला जायचं राहिलं.

१५ जानेवारी
चाकू आला. वजनदार. मुठीच्या बुडाशी टोक, पेरूएवढं. खिशात ठेवला तर पँट एका बाजूनं खाली येते, बसलं तर टोक मांडीत घुसतं. बेल्ट घट्ट केला की काम भागेल.
भंगारवाल्याकडून मोटारीच्या दाराची काच आणली. कोरडी चाचणी, अंगणात. तिसऱ्या ठोक्याला फुटली. आनंद झाला. अंगठाही कापला, नरसिंगरावांचा दुसरा आक्षेप अंशतः मान्य.

१७ जानेवारी. दुपारी १२
खरी चाचणी. दुसरी काच हौदात उभी केली, मी काचेमागे पाण्यात. श्वास धरला. ठोकलं. पाण्यात हात जोरात जातच नाही. सात वेळा ठोकलं. काच तशीच. पलीकडे मीनाक्षीची साडी हलताना दिसत होती, आवाज येत नव्हता. तेव्हा कळलं की इकडून बाहेरचं किती स्वच्छ दिसतं.
तिनं केसांना धरून वर काढलं. रडली. कोणाले वाचवून राह्यले तुमी आता, म्हणाली.
टोक आणखी अणकुचीदार करावं लागेल.

२२ जानेवारी
सकाळी नागोराव दारात. मी चारुलताला सांगणार होतो, बाबा घरी नाहीत म्हण, तोवर त्यानं मला पाहिलं. गाडी दुरुस्त झाली म्हणे. सीटचा वास जात नाही, पण चालते. साहेब, हँडल तुमच्याकडंच राह्यलं, ते भेटलं असतं तं बरं झालं असतं.
मी म्हटलं, माझ्याकडे कसं असेल, पुरात गेलं असेल.
त्यानं मान हलवली. वाद घातला नाही. तुमी काच खाली करून निघाले तवा मुठीत होतं, मी काठावरून पाह्यलं, मंग गाडी त्याच कुशीवर कलंडली, एवढंच म्हणाला. पाणी पिऊन गेला.
पुरात माणसाला नीट दिसत नाही. साक्ष म्हणून हे टिकणार नाही.

२९ जानेवारी
आज देवकाबाईंकडे जाणार होतो. बसच्या खिडक्या बंद होत्या, थंडीमुळे. उतरलो.

५ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६
गेलो. कापसाच्या ट्रकमध्ये मागे, गाठींवर बसून. भैंसापर्यंत अंगभर कापूस.

देवकाबाईंनी आधी पाणी दिलं, मग चहा. मी चाकू त्यांच्यापुढे ठेवला, टोक दाखवलं, सगळं समजावून सांगितलं. हे आधी असतं तर काय झालं असतं, तेही सांगितलं. त्यांनी चाकू उचलून पाहिला. कांद्याले जड हाय, म्हणाल्या, आणि बाजूला ठेवला.

मग म्हणाल्या, नागोराव तेराव्यालेच येऊन गेला. हँडल तुमच्याकडं होतं ते मले ठाऊक हाय. त्याच्यासाठी नाही बोलावलं. जीव वाचवाची घाई सगळ्याइले असते. एकच गोष्ट खाऊन राह्यली, म्हणून निरोप धाडले. त्याईनं तुमाले मागितलं होतं का ते?

मी म्हटलं, नाही. त्याला माहीतच नव्हतं हँडल कुठे आहे. बोलायला वेळच मिळाला नाही.

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मंग बरं झालं, म्हणाल्या. आशेवर तं नाही गेले. किती महिन्यांनी आज दोन घास जातीन. जेवून जायचा आग्रह केला. मी पोटभर जेवलो. त्या वाढत होत्या, खूप हलक्या झालेल्या दिसत होत्या.

चंपतनं मागितलं होतं. दोनदा. पहिल्यांदा साहेब म्हणून, हात पुढे करून. दुसऱ्यांदा नुसतं हेमचंद्र म्हणाला. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्यानं मला नावानं कधी हाक मारली नव्हती.