पाच खुणांचं कार्ड

२ फेब्रुवारी
क्षयरोग दवाखान्यात आज रुजू झाले. टेबल खिडकीपाशी, खुर्ची डुगडुगती, पण माझी. सिस्टरांनी चहा पाजला आणि काम समजावलं. नव्या रुग्णाच्या कार्डावर धोक्याच्या खुणा करायच्या: एकटा राहतो, दारू पितो, साखर आहे, वजन फार कमी, आधी औषध अर्धवट सोडलंय. पाचही खुणा झाल्या की कार्ड खालच्या खणात. त्या लोकांच्या घरी कुणी फेरी मारत नाही, वेळ फुकट जातो म्हणे. मला हे पटलं नाही आणि तसं मी पहिल्याच दिवशी बोलूनही दाखवलं. माझं तोंड कुठे गप्प बसतं?

५ फेब्रुवारी
खालचा खण उघडला. प्रत्येक कार्डावर शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने आधीच 'मृत्यू' आणि पुढची एक तारीख. सिस्टर म्हणाल्या, जुने कारकून काम वाचवायला असं लिहून ठेवायचे. ते तीन वर्षांपूर्वी याच आजाराने गेले. मग आमच्या गल्लीतल्या शिंपीमामांचं कार्ड मी परवा बनवलं, त्यावर त्या कारकुनांचं अक्षर कसं? यावर सिस्टर कपाट आवरायला लागल्या.
मामा गल्लीच्या टोकाला एकटे राहतात. वजन अडतीस किलो. तारीख १९ मार्च. मी खोडून टाकली.

१२ फेब्रुवारी
परत उमटलंय. तेच अक्षर, जास्त गडद. पुन्हा खोडलं आणि कार्ड पिशवीत टाकलं. आता रोज सकाळी मामांच्या दारात उभी राहते. माझ्यासमोर गोळ्या गिळायच्या, तोंड उघडून दाखवायचं. मी त्यांच्या सासूच्या वरताण आहे म्हणतात. असू दे.

४ मार्च
मामांचं वजन एक्केचाळीस. पंधरा दिवस बाटलीला हात नाही. खणातली तिघं मात्र गेली, तिघंही ठरल्या तारखेला. सिस्टरांनी विनवलं, हट्ट सोड. माझ्या आधी एकीने असंच खोडलं होतं, तिचंही कार्ड खणात आहे. भीती वाटली. वाटली तर वाटली.

१७ मार्च
मलाही खोकला. थुंकी तपासायला दिली. खणात नवं कार्ड — नाव माझं. फाडलं.

१८ मार्च
कार्ड पुन्हा अख्खं. तारीख उद्याची. दोघांचीही.
बरं. बघू.

१९ मार्च
दुपार. मामांची खोली. वही शिलाई मशीनवर. त्यांच्या कार्डावर आपोआप — 'मृ' — खोडतेय — कागद झिजला —
मामा शांत. म्हणाले, "त्याला लिहू दे. तू गोळ्या दे."
दिल्या. गिळल्या. अक्षर थांबलं.
आता या पानावर — माझ्या ओळीखाली — त्या कारकुनाचं अक्षर —
लिही. मीही लिहिते. शिंपीमामा जिवंत आहेत. मी जि